दोन किलो रिझर्व्ह

तुस्कानो मास्तर आमच्या घरी पहिल्यांदा आले ते माझं वजन करायला.

हे मी अजूनही कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग वसंताकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, बघतात. पण खरंच तसंच झालं. नव्वदचा उन्हाळा होता. बहरीनला येऊन वर्ष झालेलं, आणि आम्ही पहिल्यांदाच सुट्टीवर अलिबागला निघालो होतो. हॉलमध्ये खोकी तोंडं उघडून बसलेली, सोफ्यावर ब्लँकेटं, टीपॉयवर दुधाच्या पावडरीचे डबे, आणि कुठलं कशात जाईल याचा आम्हा दोघांनाही पत्ता नाही. सित्राला रिफायनरीत जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये वसंताला कोणीतरी म्हणालं, "पहिलीच लीव्ह ना? मग मास्तरांना बोलवा. नाहीतर एअरपोर्टवर सगळ्यांदेखत खोकं फोडाल."

बेल वाजली. दारात उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशीचा माणूस. शर्टाच्या बाहीला अशी इस्त्री की बोट कापावं. एका हातात न्हाणीघरात ठेवतात तसला वजनकाटा आणि दुसऱ्या हातात नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं. नमस्कार झाला, पाणी झालं, काटा फरशीवर ठेवला गेला आणि मास्तर म्हणाले, "हं, वहिनी. उभ्या राहा."

"मी? अहो, खोकी इकडे आहेत."

"खोकी नंतर. पर्स घ्या, स्वेटर घ्या, प्रवासात जे जे अंगावर असेल ते घ्या आणि उभ्या राहा. माणूस कोरडा मोजायचा नसतो."

त्या काळात बायका आपलं वजन नवऱ्यालाही कळू देत नसत. मी वसंताकडे पाहिलं, तर हा शहाणा कौतुकाने काट्याकडे बघत होता. काय करणार, राहिले उभी. आकडा मास्तरांनी मोठ्याने वाचला, तेवढ्याने भागलं नाही म्हणून पर्स उघडायला लावली. तिच्यातून बहिणीसाठी घेतलेल्या अत्तराच्या बाटल्या, सेलचं पाकीट आणि एक अख्खी इस्त्री निघाली. इस्त्री बघून त्यांनी मिशीतल्या मिशीत "हं" केलं. या "हं"ची पुढे मला चांगलीच ओळख झाली.

विमान कंपनीला प्रवाशाच्या वजनाशी काही देणंघेणं नसतं, हे मास्तरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. मुहर्रकच्या विमानतळावर कार्गोच्या शेडमध्ये ते सुपरवायझर होते. पण सवय. मूळचे वसईचे. आपल्या हवाई दलात मालवाहू विमानांवर पंधरा वर्षं काढलेली. कागदोपत्री त्यांच्या हुद्द्याचं नाव काही वेगळंच लांबलचक होतं, काम मात्र विमानात माल लावायचा, तोलायचा, बांधायचा आणि वेळ आली की दारातून खाली टाकायचा. मनाम्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. इग्नेशियस हे नाव फक्त त्यांच्या बायकोच्या तोंडी होतं.

त्या दुपारी त्यांनी आमची तिन्ही खोकी रिकामी करून पुन्हा भरली. जड वस्तू मधे, मऊ वस्तू कडेला, बाटल्या ब्लँकेटच्या घडीत. दोरीचा शेवटचा फास असा की तो सोडायला मुंबईच्या कस्टमवाल्याला घाम फुटावा. भरताना प्रत्येक खोक्यापाशी थांबून विचारायचे, "हे नक्की न्यायचंय? नक्की? विचार करून सांगा." तीनदा विचारल्याशिवाय एकही वस्तू बाजूला काढली नाही. इस्त्री आणि दोन डबे निघाले. मी म्हटलं, जाऊ दे, इथेच देऊन टाकू कोणाला तरी. तर एकदम गंभीर झाले.

"वहिनी, ऑफलोड म्हणजे फेकणं नव्हे. ऑफलोड म्हणजे पुढच्या फ्लाइटला. तुमची इस्त्री तुमच्या बहिणीला मिळणार."

आणि मिळाली. दोन महिन्यांनी एक अनोळखी माणूस ती अलिबागला पोचती करून चहा पिऊन गेला. बहिणीचं पत्र आलं की हा कोण गृहस्थ, आणि तू तिकडे नक्की करतेस काय.

हीच मास्तरांची स्क्वाड्रन. हवाई दलाच्या तुकडीला स्क्वाड्रन म्हणतात, आणि मास्तरांनी ती बहरीनमध्ये साध्यासुध्या माणसांची उभी केली होती. नियम एकच. घरी जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वजनातले दोन किलो रिझर्व्ह ठेवायचे. ते दुसऱ्याचे. कोणाचे, ते मास्तर ठरवणार. सलमाबादच्या वर्कशॉपमधल्या पोराच्या आईचा चष्मा, हॉस्पिटलातल्या सिस्टरच्या भावाचे बूट, कोणाच्या नव्या बाळासाठी झबली. सामान नेणाऱ्यासमोर उघडायचं, त्याला हातात घेऊन बघू द्यायचं, मगच बांधायचं. सोनं नाही, सीलबंद डबा नाही, "तुम्ही फक्त न्या, आत काय ते विचारू नका" असलं काही नाही. एकदा एका बड्या असामीने बंद पुडकं पाठवलं, तर मास्तरांनी ते त्याच्या ड्रायव्हरच्या हाती "यल्ला", चल नीघ, म्हणून परत पाठवलं.

सुरुवातीला मी नाक मुरडलं. आमच्याच वस्तू मावत नाहीत आणि हे दोन किलो कशाला? मी तसं बोललेसुद्धा, म्हटलं, शेवटी काही उरलंच वजन तर नेऊ ना.

"उरलेलं नाही वहिनी, आधी काढून ठेवलेलं. उरलेल्याला रिझर्व्ह म्हणत नाहीत. आम्ही डोंगरातल्या धावपट्टीवर उतरलो की तिथे काहीतरी असायचंच. आजारी शिपाई, टपालाची थैली, बाळंतपणाला अडलेली बाई. विमान आधीच गच्च भरून नेलं तर तिला काय सांगणार?"

शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये त्यांची मिस्सा असे. मुलखाची सुट्टी शुक्रवारची, तेव्हा देवानेही आपला रविवार दोन दिवस अलीकडे घेतला होता. मिस्सा आटोपली की मास्तर सूकमधून, म्हणजे बाजारातून, पायी पायी येत आणि त्या आठवड्यात कोण निघालंय त्याच्या घरी काटा घेऊन जात. मग बहुतेक वेळा आमच्याकडे जेवायला. येताना बायकोने पाठवलेल्या मसाल्यात केलेलं काहीतरी डब्यात असे. जेवताना बोलत नसत. जेवल्यावर मात्र हवाई दलातल्या स्क्वाड्रनचा इतिहास सुरू व्हायचा, आणि तो ऐकताना मधे बोलायची सोय नव्हती.

हवाई दलातून सुटल्यावरही काही वर्षं माणसाचं नाव रिझर्व्हमध्ये राहायचं. बोलावणं आलं की हातातलं काम टाकून निघायचं. मास्तर तेव्हा मुंबईत एका छापखान्यात होते. एकाहत्तरला, लढाई तोंडावर आली तेव्हा, तार आली. शाईचे हात धुतले आणि गेले. जाऊन बघतात तर निम्मी स्क्वाड्रन अशीच गोळा झालेली. एक बँकेतला कॅशियर, एक शाळेत कवायत शिकवणारा, एक कलकत्त्याचा बेकरीवाला. "पोटं सुटलेली सगळ्यांची. युनिफॉर्म कोणाला होईना. पण दोन दिवसांत हात बसले वहिनी. बेकरीवाला पोती रचायचा ना, भट्टीत पाव लावल्यासारखी. एक इकडची तिकडे हलायची नाही." कॅशियर प्रत्येक पोत्यावर थुंकी लावलेलं बोट फिरवायचा म्हणे, नोटा मोजायच्या सवयीने. हे सांगताना मास्तर इतके हसत की डोळे पुसायला लागत.

एका वर्षी मराठी मंडळाने सव्वीस जानेवारीला त्यांना भाषणाला बसवलं. विषय, हवाई दलातल्या शौर्यकथा. हॉल भरलेला, पुढच्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष, पोरं विमानांचे आवाज काढतायत. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या स्क्वाड्रनने आयुष्यात एकही बाँब टाकला नाही. आम्ही मीठ टाकलं."

मग मीठ, तांदूळ, रॉकेल, खिळे, शाळेचे बाक, एकदा तर एका चौकीसाठी हार्मोनियम. लोकांची चुळबुळ सुरू झाली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात मास्तर बकऱ्यांवर आले. डोंगरातल्या चौक्यांना ताजं मटण मिळावं म्हणून जिवंत बकऱ्या पॅराशूट बांधून खाली सोडायच्या. एका उड्डाणात एक बोकड सुटला. तो सुटल्यावर बाकीच्यांनाही स्फुरण चढलं. विमान ढगात, दार उघडं, तो कवायत शिकवणारा शिट्टी फुंकून बकऱ्यांना रांगेत उभं करतोय, आणि मुख्य बोकड पायलटच्या मागे उभा राहून त्याचा नकाशा खातोय. "पायलट मला ओरडून विचारतो, आपण कुठे आहोत? मी म्हटलं, सर, ते आता ह्यालाच माहीत." हॉलमध्ये हसण्याचा एकच गदारोळ झाला. पोरं खुर्च्यांवर चढून बें बें करायला लागली.

शेवटी अध्यक्षांनी विचारलंच, "ते ठीक आहे, पण मास्तर, शौर्याचं काही?"

मास्तर जरा गोंधळले. मग म्हणाले, "पावसाळ्यात ढग उतरतात. चौकी खाली दिसत नाही. तिथल्या पोरांना आठ-आठ दिवस मीठ नसतं. आम्ही परत परत जायचो, एवढंच. काही जण परत नाही आले." आणि खाली बसले. त्यांना चिकू रंगाची शाल मिळाली. ती पुढच्याच आठवड्यात कोणाच्या तरी सासूबाईंसाठी रत्नागिरीला रवाना झाली.

आखाती युद्ध सुरू झालं त्या जानेवारीत आम्ही बहरीनमध्येच होतो. खिडक्यांना चिकटपट्ट्या, शाळा बंद, आकाशात रात्रंदिवस घरघर. वसंताच्या शिफ्ट वाढलेल्या, घरात मी आणि आमची लहान मुलगी. मास्तर एका दुपारी ख्यालीखुशाली विचारायला आले ते लहान पोरासारखे खूश. "वहिनी, रिझर्व्हवाले आलेत!" धावपट्टीवर ती अगडबंब परदेशी मालवाहू विमानं उतरत होती, आणि त्यांतल्या एकावर माल लावणारा माणूस घरी पोस्टमन होता. महिन्यातून दोन दिवस विमानावर, बाकी दिवस सायकलवरून पत्रं. मास्तरांना शेडमध्ये तो भेटला आणि दोघं चहावर तासभर बसले. त्याने मास्तरांना आपला फास शिकवला, मास्तरांनी त्याला आपला. "मी त्याला विचारलं, बाबा, तुझी पत्रं आता कोण टाकतं? तर म्हणाला, बायको टाकते. बायको!" याचं त्यांना फारच अप्रूप वाटलं.

तेवढ्यात भोंगा झाला. आम्ही तिघं आतल्या खोलीत जाऊन बसलो. मुलगी माझ्या कुशीत. भीती वाटू नये म्हणून मी काहीतरी विचारायचं तर तेच विचारलं, की मास्तर, माणूस कोरडा मोजायचा नाही म्हणजे काय हो?

तोपर्यंत मी त्यांच्याकडून शंभर गोष्टी ऐकल्या असतील, पण ही पहिल्यांदा ऐकली. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. आसामकडे पूर आलेला. एका पट्टीवरून गावकऱ्यांना बाहेर काढत होते. पट्टी ओली, पुढे झाडं. माणसं उपाशी, हाडाची काडं झालेली. वजन करायला वेळ नव्हता, मास्तरांनी नजरेने अंदाज केला आणि माणसं चढवली. विमान उठेना. कसंबसं उठलं ते झाडांचे शेंडे घासत. पायलट ओरडला, फेका काहीतरी! तेव्हा कळलं. प्रत्येकाच्या शालीखाली संसार होता. कढया, कोयते, तांदळाची गाठोडी, देव. घर बुडालं होतं, उचलता आलं तेवढं अंगाला बांधून आले होते.

"मी फेकत सुटलो, वहिनी. कोणी देईना, मी ओढून घेत होतो. एका म्हातारीने मात्र कमरेची कढई सोडून स्वतःच माझ्या हातात दिली. वर माझ्याकडे बघून हसली. पोरा, घे, म्हणत असेल. तीपण फेकली. मग विमान सरळ झालं."

"तुम्ही सगळ्यांचा जीव वाचवलात."

"हां, तसं सगळेच म्हणाले. पण उतरल्यावर बघतो तर सीटमागे माझी बॅग. माझी स्वतःची. बूट, ब्लँकेट, मार्थासाठी घेतलेली शाल. वीसेक किलो तरी असेल. मी सगळ्यांचं फेकलं, आणि माझी बॅग मला दिसलीच नाही."

भोंगा थांबला. पुरातल्या त्या दिवसापासून त्यांनी स्वतःसाठी नियम केला होता, पहिलं ऑफलोड आपलं. मला तेव्हा ते फार थोर वाटलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मग एका सुट्टीत मी वसईला गेले, मास्तरांचं काही सामान घेऊन, आणि त्यांच्या बायकोला, मार्थाबाईंना, भेटले. केळीच्या वाडीत कौलारू घर, ओट्यावर मोगऱ्याच्या टोपल्या, ठेंगणीठुसकी, तुरुतुरु चालणारी बाई. मला बळेबळे जेवायला बसवलं. मास्तर सुट्टीवर येतात तेव्हाची गोष्ट त्यांनीच सांगितली. बॅग उघडली की वरपासून खालपर्यंत दुसऱ्यांचं सामान. मग आठ दिवस ओट्यावर माणसांची रीघ. कोणी डहाणूहून, कोणी महाडहून. सगळ्यांना चहा मार्थाबाईंनीच करायचा. शेवटी बॅगेच्या तळाशी त्यांच्यासाठी एक साबण.

"माझा नवरा गल्फात हाय का पोस्टात हाय, ते मला अजून समजला नाय," त्या म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. मीही हसले. पण हात पुसता पुसता त्या असंही म्हणाल्या, "दरवर्षी बोलतो, पुढच्या वर्षी कायमचा येतो. माझा नंबर कधी लागणार, बाय?" ते काही मला हसण्यावारी नेता आलं नाही.

आणि खरंच, त्यांचा नंबर लागत नव्हता. शेडमधून एका वेळी एकालाच लीव्ह मिळे. मास्तरांची पाळी आली की नेमकं कोणाच्या घरी लग्न निघे, कोणाचे वडील आजारी पडत, आणि मास्तर बाजूला होत. शहाण्णवच्या जूनमध्ये मार्थाबाईंना अर्धांगाचा पहिला झटका आला. जुलैची लीव्ह मंजूर होती. तर शेडमधल्या केरळच्या माणसाचे वडील वारले आणि मास्तरांनी त्याला आपली पाळी दिली. मी चिडले. "मार्था आता बरी आहे, काठी घेऊन चालते," म्हणाले. "ख्रिसमसला जातो ना, इंशाल्ला."

डिसेंबरात फोन आला तो आमच्या घरी, कारण मास्तरांच्या खोलीवर फोन नव्हता. वसईचे शेजारी होते. दुसरा झटका, मोठा. डॉक्टर म्हणतात लवकर या, दोन-चार दिवसांत या. मी रिसीव्हर ठेवला आणि शेडपर्यंत टॅक्सीने गेले. मास्तरांनी ऐकून घेतलं, एका पेटाऱ्याची गाठ पुन्हा तपासली आणि म्हणाले, "बरं."

ऑफिसने त्याच सकाळी पासपोर्ट हातात दिला, तिकीट दिलं. पण विमानात जागा कुठे होती? नाताळ, शाळांच्या सुट्ट्या, नव्या वर्षापर्यंत सगळं फुल्ल. मास्तरांचं नाव वेटिंगवर पहिलं लागलं तेही काउंटरवरच्या गोव्याच्या पोराच्या ओळखीने. पहिलं असलं तरी कोणीतरी गळल्याशिवाय जागा होणार नव्हती, आणि त्या गर्दीत गळणार कोण?

त्या दुपारच्या विमानाने बशीर मुकादम निघाला होता. दापोलीकडचा, सलमाबादला एसीच्या वर्कशॉपमध्ये. दोन वर्षांनी घरी चाललेला, आणि तो इकडे असताना झालेली मुलगी त्याने फोटोतच पाहिलेली. त्याची खोकी आदल्या दिवशी मास्तरांनीच बांधली होती. विमानतळावर मी आणि वसंता मास्तरांसोबत गेलो होतो, तर मास्तर वेटिंगचं विसरून बशीरच्या ट्रॉलीवरची खोकी सरळ करत उभे. बशीरला काहीच माहीत नव्हतं. ते मी सांगितलं. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातली चोरी उघड केली होती.

बशीरने ऐकलं आणि तिकीट खिशातून बाहेर काढलं. "मास्तर, तुमी जावा. मी माजी सीट सोडतंय."

"वेडा आहेस का? पोर बघायचंय तुला."

"पोर काय पलून जातंय काय? पुढच्या आटवड्यात बघीन."

"पुढच्या आठवड्यात जागा नाही. नवीन वर्षापर्यंत नाही. बशीर, खलास, रांगेत उभा राहा."

"मास्तर, चाची तिकडं..."

"माझ्यासाठी कोणी उतरायचं नाही!" मास्तरांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आजूबाजूचे बघायला लागले. "आपलं आधी उतरवायचं. आयुष्यभर मी तेच केलं. आता या वयात दुसऱ्याला उतरवू?"

बशीर तसा मिठ्ठास माणूस. मास्तरांपुढे मान वर करून बोलला नव्हता कधी. पण त्याचा चेहरा लाल झाला.

"आपला, आपला! काय आपला व्हता त्यात? तुमी दर वेलेला उतरवलाव ता चाचीचा व्हता. मंडलाची शाल तिची, सुट्टी तिची. सगला तिचा. तुमी सोताला कवा उतरवलाव नाय मास्तर. तुमी तिलाच उतरवत आलाव, आनि आमी सगले तिच्या जागंवर बसून घरी गेलाव."

  मी इतकी वर्षं मास्तरांना ओळखत होते, त्या नियमाच्या गोष्टीवर रडले होते, आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. मार्थाबाईंच्या ओट्यावर बसून जेवूनसुद्धा नाही. वसंताने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तरांनी तो झटकला नाही.  मग खिशातलं आपलं तिकीट काढून त्यांनी बशीरच्या हातात दिलं.

बशीरने दोन्ही तिकिटं काउंटरवर टाकली. "मेरा कॅन्सल, इनका करो. जल्दी." गोव्याचा पोरगा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला आणि मग भराभरा टाइप करायला लागला. त्याने विचारलं, "लगेज?"

"मफी," बशीरनेच उत्तर दिलं. "कुछ नहीं."

पुढचं फोनवरून कळलं. मास्तर वेळेत पोचले. मार्थाबाईंना बोलता येत होतं, तुटक तुटक, एका बाजूने. नवऱ्याला दारात बघून त्यांनी पहिलं विचारलं, "पिशवी कुठंय?" नाही म्हटल्यावर वाकड्या तोंडाने हसल्या. नंतरचे अडीच-तीन महिने मास्तर त्यांच्या उशाशी होते. त्यांना भरवणं, न्हाऊ घालणं, वेणी घालणं सगळं स्वतः केलं, शेजारणींना हात लावू दिला नाही. ईस्टरच्या आधी त्या गेल्या. मास्तर बहरीनला परत आलेच नाहीत. बशीरला जानेवारीत जागा मिळाली. त्याची पोर त्याला बघून भोकाड पसरून रडली, आणि ते तो सगळ्यांना अभिमानाने सांगायचा. दोन किलोची रीत वर्ष-दीड वर्ष आम्ही रेटली. मग कुरियरची दुकानं निघाली, माणसं बदलली, आणि एकमेकांच्या सामानाची भीती वाटायला लागली. चांगली गोष्ट होती, गेली. मला अजून वाईट वाटतं.

मास्तर निघाले त्या दुपारी आम्ही विमानतळावर काचेच्या अलीकडे उभे होतो. पलीकडे पासपोर्टची रांग. एकेकाच्या दोन्ही खांद्यांना बॅगा, एका काखेत ब्लँकेट, दुसऱ्या काखेत टेपरेकॉर्डर, वाकून वाकून चाललेली माणसं. त्या सगळ्यांत एकटे मास्तर ताठ आणि रिकामे. हातांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. कधी पाठीमागे बांधत, कधी शर्ट सारखा करत. त्यांच्या पुढे एक बाई होती, कडेवर झोपलेलं मूल आणि दोन जड पिशव्या. एक पिशवी घसरून खाली आली. मास्तरांचा हात पुढे गेला. पिशवीच्या बंदापर्यंत गेला. मग त्यांनी तो मागे घेतला, पँटच्या खिशात घातला आणि तसाच आत ठेवून ते आपल्या बायकोकडे निघून गेले.